नाणे राजाचे, नाव लोकांचे



नाण्यांना इतिहासाचे मुके साक्षीदार म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांला तो तितकासा पटत नाही. नाणे बोलते, आणि दोन भाषांत बोलते. पहिली भाषा त्याच्यावर कोरलेली असते. ती राजाची: त्याचे मुख, त्याची बिरुदे, राजचिन्ह आणि साल. दुसरी भाषा नाण्यावर कोठेच सापडत नाही. ती हमालाच्या, गाडीवानाच्या, भाजीवालीच्या आणि जुगाऱ्याच्या तोंडी असते. आपल्याकडे चार आण्यांच्या नाण्याला लोकांनी पावली म्हटले, दोन आण्यांच्या नाण्याला चवली, आठ आण्यांच्या नाण्याला अधेली आणि तांब्याच्या जाडजूड पैशाला ढब्बू. ही नावे कोणा कायदेमंडळाने ठराव करून दिली नव्हती. पण कायद्यातली नावे कागदावर राहिली आणि ही घरोघर नांदली.

आज आम्ही बोलणार आहोत ते विलायतेच्या जुन्या नाण्यांविषयी आणि तेथील लोकांनी त्यांना ठेवलेल्या नावांविषयी. परक्या देशाच्या खुर्द्याची ही उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, इंग्लंडचा इतिहास आपण वाचला तो बहुधा राजांचा, सेनापतींचा आणि व्हाइसरॉयांचा. ज्या राज्यावर सूर्य मावळत नाही अशी ख्याती होती, त्याच राज्याच्या राजधानीत गोदीतल्या हमालांना तासाला सहा पेन्स मिळावेत म्हणून महिनाभर पोटाला चिमटा घ्यावा लागला, हे त्या इतिहासात क्वचितच येते. नाण्यांच्या लौकिक नावांत मात्र ते येते. राजाने दिलेले नाणे खरे की खोटे, पुरेसे की अपुरे, याचा निवाडा लोक त्याला नाव ठेवून करीत आले. 'नाव ठेवणे' या शब्दांचे मराठीत दोन अर्थ आहेत, आणि येथे ते दोन्ही लागू पडतात.

प्रथम हिशेबाची रीत पाहू. आठव्या शतकात मध्य इंग्लंडातील मर्सिया या राज्यावर ऑफा नावाचा राजा होता (७५७–७९६). त्याच्या काळात चांदीची पातळ, रुंद पेनी चांगली रूढ झाली. एक पौंड वजनाच्या चांदीतून २४० पेनी पाडायच्या, असे मान होते. म्हणजे पौंड हे मुळात नाणे नव्हतेच. ते वजन होते, आपल्या शेरासारखे. बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड ही मापे कित्येक शतके केवळ हिशेबात होती. गाठीला बांधायला खरी ती पेनीच. एक पौंड किमतीचे सोन्याचे नाणे प्रथम पाडले गेले ते सातव्या हेन्रीच्या आज्ञेने १४८९ मध्ये. त्याला सॉव्हरिन म्हणत. हिशेबाच्या वहीत पौंड, शिलिंग आणि पेनी यांच्यासाठी जी तीन अक्षरे लिहीत, ती लिब्रा, सॉलिडस आणि देनारियस या रोमन शब्दांची आद्याक्षरे होत. रोमन साम्राज्य बुडाले, त्याचे रस्ते मातीखाली गेले, पण त्याची आद्याक्षरे १९७१ सालापर्यंत इंग्रज वाण्याच्या वहीत टिकून राहिली.

बारा आणि वीस यांचा हा गुंता कशासाठी, असे दशमान पद्धतीत वाढलेल्या माणसाला वाटते. परंतु त्यात एक व्यवहारी शहाणपण होते. शंभराला निःशेष भाग जाणाऱ्या संख्या नऊ आहेत, दोनशेचाळीसला वीस. पौंडाचे तीन समान वाटे केले तर प्रत्येकाला सहा शिलिंग आठ पेन्स येतात. शंभराचे तीन वाटे कधीच पुरे होत नाहीत. हीच सहा शिलिंग आठ पेन्सांची रक्कम इंग्रज वकिलाची ठरीव फी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आपल्या रुपयाच्या १९२ पै होत्या, त्याचे मर्मही हेच. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी घोकली, त्यांना या हिशेबाची गोडी वेगळी सांगायला नको.

पेनी चांदीची आणि मौल्यवान. मग तिच्याहून लहान व्यवहार कसा करायचा? लोकांनी सरळ मार्ग काढला. पेनीच्या मागील बाजूस क्रूस असे. त्या रेघांवरून ती कापून दोन किंवा चार तुकडे करीत. चवथ्या तुकड्याला फार्दिंग म्हणत. त्या शब्दाचा अर्थच चवथा हिस्सा, म्हणजे आपली पावलीच. पण कात्री एकदा नाण्याला लागली की ती प्रामाणिक राहत नाही. नाण्याची कड जराशी कातरून चांदी काढून घ्यायची आणि नाणे पुढे ढकलायचे, हा धंदा माजला. टांकसाळीचे कारागीरही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पहिल्या हेन्रीने ११२४ च्या नाताळच्या सुमारास त्यांना विंचेस्टर येथे बोलावून घेतले आणि हिणकस नाणी पाडल्याबद्दल अनेकांचे उजवे हात तोडविले. तिसऱ्या हेन्रीच्या काळी, १२४७ मध्ये, क्रूसाचे हात नाण्याच्या कडेपर्यंत लांबविले, म्हणजे कड कातरली तर ताबडतोब दिसावी. पुढे १२७९ पासून पहिल्या एडवर्डने अर्धी पेनी आणि फार्दिंग ही स्वतंत्र गोल नाणी पाडली, आणि पेनीचे तुकडे करण्याची गरज उरली नाही.

कारागिराने हीण मिसळले तर हात जात असे. राजानेच मिसळले तर? हा प्रश्न आठव्या हेन्रीने उभा केला. फ्रान्स व स्कॉटलंड यांच्याशी चाललेली युद्धे आणि दरबाराची उधळपट्टी यांनी खजिना रिता झाला, तेव्हा त्याने नाण्यांत तांबे घालण्यास आरंभ केला. हजारी ९२५ कसाची चांदी १५४६ पर्यंत ३३३ वर उतरली, म्हणजे दोन वाटे हीण आणि एक वाटा चांदी. वरून चांदीचा मुलामा दिसे. पण नाण्यावर राजाचे मुख समोरून कोरलेले होते, आणि समोरच्या चेहऱ्यात सर्वांत उंच भाग नाकाचा. नाणे हातोहात फिरले, झिजले, आणि राजाच्या नाकाच्या शेंड्यावर तांबे उघडे पडले. लोकांनी आपल्या सार्वभौम राजाचे नामकरण केले: 'म्हातारा तांबडनाक्या'. ज्या राजाने मंत्र्यांची आणि राण्यांची मस्तके उडविली, त्याला हे नाव मात्र पुसता आले नाही. राज्यात भाव भडकले, परदेशी व्यापारी ते नाणे घेईनात. अखेर त्याची कन्या एलिझाबेथ हिने १५६०–६१ मध्ये हिणकस नाणी परत घेऊन चांदी पुन्हा शुद्ध केली.

कातरण्याचा रोग मात्र गेला नव्हता. १६६२ पासून यंत्राने पाडलेली, कडेला रेषा अथवा अक्षरे असलेली नाणी आली. ती कातरता येत नसत. त्याचा परिणाम विचित्र झाला. चांगली नाणी लोकांनी दडवून ठेवली किंवा वितळविली, आणि बाजारात फिरत राहिली ती जुनी कातरलेली. १६९५ च्या सुमारास हातात येणारे चांदीचे नाणे सरासरीने निम्म्या वजनाचे उरले होते. तेव्हा सारी जुनी नाणी परत घेऊन नवी पाडण्याचे ठरले. या कामी टांकसाळीवर १६९६ मध्ये ज्या गृहस्थांची नेमणूक झाली ते सर आयझॅक न्यूटन. नेमणूक मानाची, काम नावापुरते, असा समज होता. न्यूटनने ते मनावर घेतले. पाच गावी तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या. चेस्टरच्या टांकसाळीत देखरेखीला होता एडमंड हॅले, ज्याच्या नावाचा धूमकेतू आपण ओळखतो. खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागे न्यूटन स्वतः लागला. विल्यम चॅलोनर नावाच्या बिलंदर नाणेचोराला त्याने पुराव्यानिशी पकडले आणि १६९९ मध्ये तो फासावर गेला.

ही कथा येथवर शौर्याची वाटते. पण तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कातरलेले नाणे ठरावीक मुदतीपर्यंत सरकार दर्शनी किमतीने घेई, ते कराच्या भरण्यात. ज्याच्याकडे कर भरण्याइतकी मिळकत होती त्याचे नाणे खपले. ज्याच्याकडे केवळ आठवड्याची मजुरी होती त्याने काय करावे? मुदत टळल्यावर त्याच्या नाण्याची किंमत वजनापुरती राहिली. नव्या नाण्यांचा खर्च भागवायला घरांच्या खिडक्यांवर कर बसला तो वेगळाच. तो १८५१ पर्यंत, म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ, टिकला. नाणे सुधारणे हे राष्ट्राच्या हिताचे होते यात शंका नाही. परंतु चलनाच्या प्रत्येक सुधारणेत एक बट्टा असतो, आणि तो कोणाच्या पदरात पडतो हे पाहिल्याखेरीज सुधारणेचा हिशेब पुरा होत नाही.

आता सोन्याकडे वळू. १६६३ मध्ये एक नवे सोन्याचे नाणे निघाले. त्यातले पुष्कळसे सोने आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून आणले जाई. म्हणून लोक त्याला गिनी म्हणू लागले. आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या राजाश्रयी कंपनीच्या सोन्याची खूण म्हणून राजाच्या मुखाखाली लहानसा हत्ती कोरीत. त्याच कंपनीची जहाजे त्या किनाऱ्यावरून माणसेही भरून नेत आणि गुलाम म्हणून विकत, हे नाण्यावर कोरलेले नाही. 'गिनी' या नावात मात्र तो किनारा कायमचा राहून गेला. मुळात वीस शिलिंगांची ही गिनी सोन्याच्या भावाबरोबर चढत १६९५ मध्ये तीस शिलिंगांपर्यंत गेली, आणि १७१७ मध्ये न्यूटनच्या अहवालानंतर तिची किंमत एकवीस शिलिंगांवर स्थिर झाली. १८१७ मध्ये वीस शिलिंगांचे नवे सॉव्हरिन आले आणि गिनी टांकसाळीतून निवृत्त झाली. पण व्यवहारातून गेली नाही! वैद्याची फी, बॅरिस्टरची फी, चित्राची किंमत, घोड्याची किंमत गिनीत सांगायची. सुताराची मजुरी मात्र शिलिंगांत. नाणे नाहीसे झाल्यावर दीडशे वर्षे गिनी ही प्रतिष्ठेची मोजपट्टी होऊन राहिली. न्यूमार्केटच्या घोड्यांच्या लिलावात बोली आजही गिनीत होते.

या नावाची एक शाखा आपल्या घरात आली. १८९९ मध्ये सॉव्हरिन हिंदुस्थानात पंधरा रुपयांना कायदेशीर चलन ठरले, आणि १९१८ मध्ये तर मुंबईच्या टांकसाळीत सुमारे तेरा लाख सॉव्हरिन पाडली गेली. ते नाणे आपल्या लोकांनी पेटीत ठेवले, सुनांच्या गळ्यात घातले, आणि त्याला म्हणत राहिले गिनी. पंधरा रुपयांना एक पौंड म्हणजे रुपयाला एक शिलिंग चार पेन्स; पुढे १९२७ च्या कायद्याने तो दर एक शिलिंग सहा पेन्स झाला. दोन पेन्सांचा हा फरक लहान नव्हता. १९२६ च्या हिल्टन यंग कमिशनात मुंबईचे पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी त्याविरुद्ध आपली भिन्न मतपत्रिका जोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लंडनमधील प्रबंध 'रुपयाचा प्रश्न' हा १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला, आणि त्या कमिशनापुढे त्यांनी साक्षही दिली. विलायतेच्या पेनीची उठाठेव आपल्या मोठ्या माणसांनीही केली होती, ती याच कारणाने.

राजांना सोन्याची काळजी असे. सुट्या पैशांची नसे. इंग्लंडमध्ये मोडीची टंचाई इतकी की, १६४८ ते १६७२ या काळात दुकानदारांनी स्वतःची बिल्ले-नाणी काढली. अठराव्या शतकाच्या अखेरीस गिरण्या आणि खाणी वाढल्या, हजारो मजुरांना आठवड्याचा पगार देण्याची वेळ आली, आणि सरकारी तांब्याचे नाणे मिळेना. १७८७ पासून कारखानदारांनी आपापली नाणी पाडून मजुरी भागविली. जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने तर नाण्यावर स्वतःचेच मुख कोरविले. अखेर बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने आपल्या सोहो कारखान्यात वाफेच्या यंत्राने १७९७ मध्ये एक औंस वजनाची तांब्याची पेनी सरकारसाठी पाडली. रुंद, उंच काठाची ती जड चकती पाहून लोकांनी तिचे नाव ठेवले 'गाडीचे चाक'. याच बोल्टनच्या कारखान्यातून त्यापूर्वी, १७९१ मध्ये, मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडून आले होते. त्यांच्या एका बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूस तराजू, त्याखाली न्यायाचा निर्देश करणारा फारसी शब्द. तराजू नाण्यावर होता. वखारीत तो किती सरळ होता, हे आपल्या पूर्वजांनी अनुभवले.

१७९७ हे साल दुसऱ्याही कारणाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. फ्रान्सशी युद्ध चालू असता बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले, आणि एक व दोन पौंडांच्या लहान नोटा प्रथमच काढल्या. चांदीचीही चणचण होती. म्हणून स्पेनच्या डॉलरवर, स्पेनच्या राजाच्या मानेवर, तिसऱ्या जॉर्जचे इवलेसे मुख ठोकून ते नाणे चार शिलिंग नऊ पेन्सांना चालू केले. पाच शिलिंगांच्या नाण्याला इंग्रजीत 'क्राउन', म्हणजे मुकुट, म्हणतात. लोकांनी थट्टा केली की दोन राजांची मुंडकी एकत्र आली तरी एका मुकुटाची किंमत होत नाही! पुढे १८०४ मध्ये बँकेने पाच शिलिंगांचा डॉलर काढला. पाच शिलिंगांना डॉलर आणि अडीच शिलिंगांना अर्धा डॉलर म्हणण्याची रीत विसाव्या शतकापर्यंत होती. त्याच वर्षी, १७९७ मध्ये, गिलरे या व्यंगचित्रकाराने बँकेला नोटांची वस्त्रे ल्यालेली, पेटीवर बसलेली म्हातारी म्हणून रंगविले, आणि 'थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी' हे नाव बँकेला कायमचे चिकटले.

थट्टेच्या पाठीमागे दुःखही होते. साध्या छपाईच्या त्या नोटांची नक्कल सोपी, आणि ज्यांना अक्षरओळख नाही अशा गरिबांच्या हाती नोट पहिल्यानेच आलेली. खोटी नोट चालविणे हा देहान्ताचा अपराध होता. १७९७ ते १८२१ या अवधीत नोटांच्या अशा गुन्ह्यांसाठी तीनशेहून अधिक माणसे फासावर चढली. जॉर्ज क्रुकशँकने १८१९ मध्ये एक उपहासाची नोट काढली. तिच्यावर फाशी गेलेल्या स्त्रीपुरुषांची रांग लटकत होती. ते चित्र पाहण्यासाठी लंडनच्या रस्त्यात गर्दी लोटली.

आता रस्त्यावरच्या भाषेकडे येऊ. पौंडाला 'क्विड', शिलिंगाला 'बॉब', सहा पेन्सांना 'टॅनर' ही नावे श्रमिकांच्या तोंडची. चार पेन्सांच्या नाण्याला 'जोई' म्हणत. जोसेफ ह्यूम या पार्लमेंटच्या सभासदाने आग्रह धरला म्हणून १८३६ मध्ये ते नाणे पुन्हा निघाले. सांगतात असे की, चार पेन्सांच्या भाड्याला लोक पूर्वी सहा पेन्स देत आणि मोड मागायला लाजत. नवे नाणे आल्यावर गाडीवानाचे दोन पेन्स बुडाले, आणि त्याने रागाने नाण्यावर ह्यूमसाहेबांचे घरगुती नाव चिकटविले. १८४९ मध्ये दोन शिलिंगांचा फ्लोरिन निघाला. पौंडाचा तो दशांश. दशमानाकडे टाकलेले पहिले पाऊल. पण त्याच्यावर 'ईश्वरकृपेने राणी' हे शब्द नव्हते. लोकांनी त्याला 'निरीश्वरी फ्लोरिन' ठरविले, आणि दोनच वर्षांत सरकारला ते शब्द नव्या साच्यात घालावे लागले. लंडनच्या फेरीवाल्यांची तर स्वतंत्र भाषा होती. हेन्री मेह्यू याने १८५१ च्या ग्रंथात ती नोंदविली आहे. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून ते शब्द उलटे बोलत. पेनीचे 'येनेप' करीत. आपल्या दलालांची नंदभाषा आणि बैलबाजारात रुमालाखाली बोटांनी ठरणारा भाव ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या फेरीवाल्यांशी जुनी सोयरीक वाटेल.

येथे एका लोकप्रिय कथेचा समाचार घेणे अवश्य आहे, कारण तिच्यात आपले नाव गोवलेले आहे. जुगारी आणि घोड्यांच्या शर्यतींचे शौकीन पंचवीस पौंडांना 'पोनी', म्हणजे तट्टू, आणि पाचशे पौंडांना 'मंकी', म्हणजे माकड, म्हणतात. हिंदुस्थानातून परतलेल्या गोऱ्या शिपायांनी हे शब्द नेले, कारण आपल्या पंचवीस आणि पाचशे रुपयांच्या नोटांवर तट्टाचे आणि माकडाचे चित्र असे, असे छातीठोकपणे सांगितले जाते. कथा गोड आहे, पण टिकत नाही. हिंदुस्थान सरकारच्या नोटा १८६१ च्या कायद्याने सुरू झाल्या, आणि त्या पहिल्या नोटांवर राणीचे मुख होते. तट्टू नव्हते की माकड नव्हते. 'पोनी' हा शब्द तर अठराव्या शतकाच्या अखेरीसच या अर्थाने इंग्लंडात चालू होता. आपल्या देशाचा उल्लेख आला म्हणून कथा खरी मानावी, हा मोह इतिहासाच्या अभ्यासकाने आवरला पाहिजे. खोटे नाणे जसे वाजवून पाहावे, तशी गोड आख्यायिकाही सालांवर आपटून पाहावी.

लौकिक नावांत नुसती गंमत असते असे ज्यांना वाटते, त्यांनी १८८९ चा ऑगस्ट महिना पाहावा. लंडनच्या गोदीत रोज पहाटे हमालांचा जमाव फाटकाशी उभा राही. मुकादम बोट दाखवील त्याला काम, तेही कधीकधी दोनचार तासांचे. बाकीचे उपाशी परत. मजुरी तासाला पाच पेन्स. १४ ऑगस्टला हमालांनी काम बंद केले. बेन टिलेट, जॉन बर्न्स आणि टॉम मान हे त्यांचे पुढारी. मागणी एका शब्दात मावत होती: 'टॅनर'. तासाला सहा पेन्स! कायद्याच्या भाषेत ती एका पेनीची वाढ. त्यांच्या भाषेत ते पोटभर भाकरीचे नाव होते. लंडनच्या रस्त्यांतून शिस्तीने मिरवणुका निघाल्या. घरी चुली थंडावल्या. दूर ऑस्ट्रेलियातून कामगारांनी आणि सहानुभूती असलेल्या लोकांनी सुमारे तीस हजार पौंड पाठविले, तेव्हा संपाला बळ आले. कार्डिनल मॅनिंग यांनी मध्यस्थी केली, आणि १६ सप्टेंबरला हमाल कामावर परतले ते टॅनर मिळवून. सहा पेन्सांच्या त्या नाण्यावर राणीचे मुख होते. पण त्या दिवसापासून इतिहासात ते 'गोदी कामगारांचा टॅनर' या नावाने ओळखले जाते. राणीचे नाणे हमालाच्या नावावर झाले.

विसाव्या शतकात सरकारने पुन्हा एकदा आठव्या हेन्रीची वाट धरली, मात्र उघडपणे आणि कायद्याने. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली, तेव्हा १९२० मध्ये नाण्यांतील चांदी ९२५ वरून ५०० वर आणली. १९४७ पासून तीही गेली आणि तांबे-निकेलची नाणी आली. १९३१ मध्ये सोन्याशी असलेले नाते सुटले होतेच. पौंड हे एकेकाळी चांदीचे वजन होते. आता तो केवळ विश्वासाचा शब्द झाला. तरी लोक तांबे-निकेलच्या मोडीलाही 'सिल्व्हर' म्हणत राहिले. धातू गेला, नाव राहिले.

अखेर दशमान पद्धत आली. या बाबतीत आपण राज्यकर्त्यांच्या पुढे गेलो. १९५५ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ रोजी आपला रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. ब्रिटनमध्ये तो दिवस उजाडला १५ फेब्रुवारी १९७१ रोजी. फार्दिंग १९६० अखेर गेला होता, अडीच शिलिंगांचे नाणे १९६९ अखेर. एका जुन्या पेनीचे नव्या पेनीत पाच बारांश होत, म्हणून भाव वर ढकलले जात आहेत असा संशय बायाबापड्यांना आला. तसाच आपल्याकडे आण्याचे सव्वासहा पैसे करताना आला होता. आपण 'नया' हा शब्द १९६४ मध्ये गाळला. त्यांनी आपल्या नाण्यांवरचा 'नवा' हा शब्द १९८२ मध्ये. नाताळच्या पुडिंगमध्ये घालायच्या टॅनरवर लोकांचा जीव इतका की, तो अडीच नव्या पेन्सांना जून १९८० पर्यंत चालू ठेवावा लागला.

या बदलात कोणती नावे जगली आणि कोणती मेली, हे पाहण्यासारखे आहे. पौंड कायम राहिला म्हणून क्विड जगला. पोनी आणि मंकीही जगले, कारण ते पौंडांचे माप. बॉब, टॅनर, जोई, फार्दिंग ही लहान माणसांची लहान नाणी; ती गेली आणि त्यांची नावे म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आणि जुन्या वाक्प्रचारांत उरली. नव्या पेनीला लोकांनी लाडके नाव दिलेच नाही. आद्याक्षरावरून 'पी' म्हणतात, एवढेच. आपल्याकडे पंचवीस पैशांचे नाणे जून २०११ अखेर चलनातून गेले, तोवर लोक त्याला चार आणेच म्हणत होते, आणि 'सोळा आणे खरे' हे आजही म्हणतात. ज्या नाण्याने भाकरी विकत मिळते त्याला लोक नाव ठेवतात. ज्याने काही मिळेनासे होते त्याला नाव द्यायचीही कोणी तसदी घेत नाही. लहान नाण्याचे लौकिक नाव मरू लागले, म्हणजे त्या नाण्याची खरेदीशक्ती अगोदरच मेली आहे असे समजावे.

आज मोबाइलवरून पैसे जातात आणि येतात; नाण्याचा खणखणाट क्वचित ऐकू येतो. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. कातरलेले नाणे, हिणकस नाणे आणि अंगावर पडलेले नाणे यांच्या जाचातून गरीब माणूस सुटत असेल तर ते चांगलेच. पण पेनीपासून पौंडापर्यंतचा हा बारा शतकांचा प्रवास एक गोष्ट शिकवितो. चलन कोणत्याही रूपाने येवो, त्याच्यात हीण कोणी मिसळले आणि बट्टा कोणाला बसला, हे विचारणारा बाजार जागा असला पाहिजे. इंग्लंडच्या लोकांनी तांबे उघडे पडलेल्या नाकाकडे बोट दाखविले, म्हणून पुढच्या राणीला चांदी शुद्ध करणे भाग पडले. नाणे पाडण्याचा हक्क राजांनी आपल्याकडे ठेवला. त्याला नाव ठेवण्याचा हक्क लोकांनी कधीही सोडला नाही, आणि तो सोडण्याजोगा नाही.